मगरबाईंची कवळी

“माझं पुस्तक ऐकून ज्या पोराला हसू येणार नाही, ते पोर माझ्यासमोर आणून उभं करा!” असं म्हणून धाकटीने पुस्तकांच्या दुकानातल्या काउंटरवर हात आपटला. हात आपटून बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो नेमका स्टेपलरवर पडला. कळ पार खांद्यापर्यंत गेली. पण आता माघार कशी घ्यायची? डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशा अवस्थेत ती दुकानदाराकडे बघत राहिली.

तिची फुशारकी अगदीच हवेतली नव्हती हं! धाकटी एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पेशंटना आत सोडायचं आणि फोन घ्यायचे, हे तिचं सांगायचं काम. खरं काम वेगळंच. मशिनची घरघर ऐकून जी पोरं दाराची चौकट घट्ट धरून ठेवायची, त्यांना ती गोष्टी सांगायची. स्वतः रचलेल्या, तोंडाला येतील तशा! पोरं हसली की तोंड उघडायची, तोंड उघडलं की डॉक्टर पटकन आत आरसा घालायचे. “तुम्ही सुट्टीवर गेलात की मला पोरं चावतात,” असं डॉक्टर कळवळून सांगायचे.

या गोष्टींमधली सगळ्यांत चालणारी गोष्ट म्हणजे मगरबाईंची. बेडकांच्या शाळेत मगरबाई मुख्याध्यापिका असतात. तोंडात अख्खी कवळी! एक दिवस ती कवळी तळ्यात पडते, आणि ‘सगळे शांत बसा’ म्हणायला जाव्यात तर मगरबाईंच्या तोंडून निघतं, ‘फगळे फांत बफा!’ मग बेडूक कसले शांत बसतात?

या गोष्टीचं पुस्तक काढायचं डोक्यात आलं ते थोरलीच्या. थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांसाठी आकृत्या काढण्यात तिची उमर गेली होती. बेडकाची पचनसंस्था ती डोळे मिटून काढायची. एके दिवशी तिने साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि घरी येऊन जाहीर केलं, “आयुष्यभर बेडूक फाडला. आता मरायच्या आधी एकदा तरी त्याला टोपी घालणार!”

घातली! टोपी घातली, चष्मा घातला, पाठीला दप्तर दिलं. फक्त हाताची सवय जाता जाईना, म्हणून पुस्तकातल्या एका बेडकाच्या पोटात बारीक यकृत दिसत होतं. धाकटीने ते हळूच दाखवलं तर थोरली म्हणाली, “असू दे गं, त्याला ते लागेल.”

तर असं ते पुस्तक छापून घरी आलं. घरात चालायला जागा उरली नाही. पलंगाखाली गठ्ठे, कपाटावर गठ्ठे, न्हाणीघराच्या दाराशी गठ्ठे. दोघींचे नवरे, म्हणजे दोन सख्खे भाऊ, जेवायला गठ्ठ्यांवरच बसायला लागले. “वहिनी, पुस्तक दणकट आहे,” धाकटा दीर थोरलीला म्हणाला. पुस्तकावर आलेला तो पहिला अभिप्राय!

आता पुस्तक खपवायचं तर गावातल्या त्या बड्या दुकानदाराला गाठणं भाग होतं. त्याच्या दुकानाच्या काचेत जे पुस्तक लागायचं तेच शाळा घ्यायच्या, तेच आईबाप घ्यायचे. दुकानदार कायम कोटात असायचा, आणि चेहरा असा, की समोरच्याला नुकतंच नापास केलंय. त्याने पुस्तक दोन बोटांत धरून चाळलं, जणू कुणाचा तरी ओला रुमाल धरलाय!

“हे बघा बाई,” तो म्हणाला, “बायकांनी मुलांसाठी जरूर लिहावं. अंगाई लिहा, चांगल्या सवयी लिहा. पण विनोद म्हणजे... तो तुमचा प्रांत नाही. आणि शेवटी तात्पर्य कुठाय? ही मगर गोष्टीतून शिकते काय?”

“नीट चावायला,” थोरली म्हणाली.

दुकानदार हसला नाही. याच क्षणी धाकटीने काउंटरवर हात आपटला आणि ते वाक्य बोलून बसली.

“असं म्हणता?” दुकानदाराने कोटाचं बटण लावलं. “मग ठरलं! एखादी शाळा बघा. मी स्वतः येऊन मागे बसतो. पोरं हसली तर पुस्तक माझ्या काचेत, तेही पुढच्या रांगेत. नाही हसली, तर मला पुन्हा तोंड दाखवू नका. मगरीचंही नको!”

शाळेला फोन थोरलीने केला, आणि घोटाळा झाला तो तिथेच. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यामुळे थोरली फोनवर बोलायला लागली की प्रश्नपत्रिका बोलतेय असं वाटायचं.

“नमस्कार. आम्हाला आपल्या विद्यार्थ्यांवर एक चाचणी घ्यावयाची आहे. आम्ही दोघी वाचन करू. एक ज्येष्ठ गृहस्थ मागे बसून मुलांच्या वर्तनाचं निरीक्षण करतील. त्यांच्या निर्णयावर पुढचं सगळं अवलंबून आहे.”

पलीकडे शाळेचा कारकून होता. त्याच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. “हो मॅडम! नक्की मॅडम! कधी येणार साहेब?”

“ताई, जरा साधं बोलायचं ना,” धाकटी म्हणाली.

“अगं, नीट बोललं की लोक मान देतात.”

मान मिळाला. नको तेवढा मिळाला!

ठरलेल्या सकाळी तिघं शाळेच्या फाटकातून आत शिरली तर सगळीकडे फिनेलचा वास घमघमत होता. जिन्याचे कठडे नुकतेच रंगवलेले. थोरलीने एकाला हात लावला आणि तळवा हिरवागार झाला. दाराशी पीटीचे सर खाड्‌कन टाचा जुळवून उभे. त्यांनी थोरलीकडे पाहिलं नाही, धाकटीकडे पाहिलं नाही. सरळ दुकानदारासमोर जाऊन कमरेत वाकले.

“या साहेब! आपल्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवलीय!”

दुकानदाराला यात वावगं काहीच वाटलं नाही. आपल्याला पंख्याखालची खुर्ची मिळावी, असं त्याला जन्मापासून वाटत आलेलं होतं.

मुख्याध्यापिकाबाई पीटीच्या सरांच्या मागेच उभ्या होत्या. उंच, करड्या, नाकावर चष्मा, आणि तोंडावर रुमाल दाबून धरलेला. त्यांनी नुसती मान हलवली. थोरलीने “नमस्कार” म्हटलं, पुन्हा मान. “शाळा छान आहे,” म्हटलं, पुन्हा मान.

“मॅडम आज बोलणार नाहीत,” पीटीचे सर पुढे होऊन कुजबुजले. “सकाळीच अक्कलदाढ काढलीय. भूल अजून उतरलेली नाही. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं होतं, पण साहेब येणार म्हटल्यावर त्या ऐकतात होय!”

धाकटीला बिचारीची दया आली. दवाखान्यात रोज बघायची ती. भूल दिलेला माणूस पाणी प्यायला जातो आणि ते शर्टाला पाजतो! आज तिने रजा घेतली होती, नाहीतर बाईंना आत सोडायला तीच असती.

हॉलमध्ये मुलं ओळीने बसली होती. हाताची घडी, ताठ पाठ, केस पाणी लावून असे चापून बसवलेले, की सगळी पोरं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसत होती. श्वासाचाही आवाज नाही. धाकटीने दवाखान्यात इतकी पोरं पाहिली होती, पण दात उपटायला आलेलं पोरसुद्धा याहून आनंदी असायचं!

दुकानदार पंख्याखाली बसला. मुख्याध्यापिकाबाई त्याच्या शेजारी बसल्या, रुमालासकट. व्यासपीठावर थोरलीने चित्रांचे मोठे तक्ते वर धरले आणि धाकटीने सुरुवात केली.

“एका तळ्याकाठी बेडकांची शाळा होती. आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या... मगरबाई!”

इथे दवाखान्यातली पोरं हमखास खिदळायची. इथे? शांतता. एका मुलाने आवंढा गिळला, तो मात्र ऐकू आला.

असू दे. सुरुवात आहे, पोरं लाजतायत. धाकटीने बेडकाचा आवाज काढला. शांतता. शिंकणाऱ्या बेडकाचा आवाज काढला, जो ती फक्त अगदी बिकट पेशंटसाठी राखून ठेवायची. शांतता! पहिल्या ओळीतल्या एका मुलाचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. त्याच्या शेजारच्याने स्वतःची टाय तोंडात कोंबली होती. एका मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

धाकटीला वाटलं, ‘अगं बाई! माझा विनोद ऐकून पोरं रडतायत!’

तिने घाबरून थोरलीकडे पाहिलं. थोरली इतकी गडबडली होती की तिने तक्ता उलटा धरला होता. वर पाय आणि खाली डोकं अशी मगर सगळ्या हॉलकडे बघत होती. तिकडे दुकानदाराने मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

आता मात्र धाकटीने कंबर कसली. पदर खोचला आणि मगरबाई चालतात कशा, ते प्रत्यक्ष करून दाखवायला लागली. हात मागे, मान पुढे, शेपूट डावीकडे, शेपूट उजवीकडे! तिसऱ्या पावलाला व्यासपीठ संपलं. व्यासपीठ संपतं ही गोष्ट माणसाच्या लक्षात राहते, मगरीच्या नाही. धाकटी धप्‌कन खाली आली ती थेट पहिल्या ओळीच्या पायाशी.

एवढं झालं तरी कुणी हसलं नाही! उलट पहिल्या ओळीने खाड्‌कन उभं राहून एका सुरात म्हटलं, “नमस्ते, मॅडम!”

दुकानदार उठून पुढे आला. त्याचा आवाज जरा मऊही झाला होता. माणूस अगदीच दगड नव्हता. धाकटीला लागलं असेल असं त्याला वाटलं असावं. त्याने त्या रडणाऱ्या मुलीला विचारलं, “काय गं, गोष्ट आवडली नाही का?”

मुलगी ताड्‌कन उभी राहिली. “हो सर! नाही सर! सात नव्वे त्रेसष्ट सर! पृथ्वी सूर्याभोवती फिरते सर!”

“अगं, पण मी तुला...”

“मी रोज नखं कापते सर!” असं म्हणून तिने दोन्ही हात त्याच्या नाकाखाली धरले.

जमिनीवर बसल्या बसल्या धाकटीने पहिल्यांदाच पोरांच्या डोक्यांपलीकडे पाहिलं. हॉलच्या टोकाला पीटीचे सर ओठांवर बोट ठेवून, डोळे वटारून एकेका पोराला धाकात ठेवत होते. आणि त्यांच्या मागच्या फळ्यावर रंगीत खडूने ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘तपासणी अधिकाऱ्यांचे स्वागत असो’. त्याखाली: ‘हसणाऱ्यास आठवडाभर खेळाचा तास नाही’.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. हे तपासनीस नाहीत हो, हे पुस्तकवाले आहेत! पोरं रडत नव्हती, हसू दाबत होती! त्या लाल चेहऱ्याच्या पोराच्या पोटात हसू असं कोंडलं होतं, की आणखी दोन वाक्यं ऐकली असती तर शर्टाची बटणं उडाली असती.

लगेच उठून खुलासा करावा, असं शहाण्या माणसाला वाटलं असतं. धाकटीला वाटलं नाही. तिच्यातली लेखिका जागी झाली होती. हसू तयार आहे, फक्त झाकण उडायचंय! तिने तिथेच जमिनीवरून, गुडघा चोळत, गोष्टीतलं ते वाक्य ठेवून दिलं.

“आणि मगरबाई कडाडल्या... फगळे फांत बफा!”

मागच्या ओळीतून एक बारीकसा आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना, तसा. फुस्स्!

पीटीच्या सरांनी झर्रकन मान वळवली. मुख्याध्यापिकाबाई तर उभ्याच राहिल्या. साहेबांच्या देखत बेशिस्त! इतक्या वर्षांची शाळा, इतक्या वर्षांचा दरारा! डॉक्टरांची ताकीद विसरल्या, भूल विसरल्या. रुमाल बाजूला झाला आणि त्या सगळी ताकद लावून कडाडल्या:

“फगळे फांत बफा!”

क्षणभर हॉलमधला पंखासुद्धा थबकला असेल.

मग झाकण उडालं! असं उडालं, की खिडकीवरची कबुतरं पळाली. पोरं बाकांवर आडवी झाली, बाकांखाली गेली, एकमेकांच्या दप्तरांवर लोळली. टायवाल्याच्या तोंडातून टाय सुटली. नखं दाखवणारी मुलगी ती दहाही नखं पोटाला लावून खाली बसली. “फिफ्त!” बाई आणखी चिडून ओरडल्या. “ही काय फिफ्त आहे? फाहेब आलेत फाळेत!” झालं! पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला गाल जागेवर हवेत ना! शिट्टीतून नुसती हवा निघायला लागली आणि सर भिंतीला टेकून खाली घसरले.

आणि दुकानदार! तो कोटाच्या बाहीने डोळे पुसत होता. “अहो बाई,” तो धाकटीला म्हणाला, “या कोण? काय काम करतात हो! नाटकातल्या का? कुठून आणल्यात?”

“त्या इथल्या मुख्याध्यापिका आहेत,” धाकटी म्हणाली.

दुकानदाराचं हसू एकदम अडकलं, आणि त्याला उचकी लागली.

बाई आता धाकटीसमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. चेहरा संतापाने थरथरत होता. म्हणजे अर्धाच, उरलेला अर्धा भुलीत होता. “माझी थट्टा?” त्या म्हणाल्या. “हा अफमान आहे! माझा अफमान!”

थोरली घाईघाईने मध्ये पडली. “बाई, आईशप्पथ सांगते, पुस्तक आधीच छापलंय! तुमची दाढ आज निघाली. आम्हाला काय स्वप्न पडलं होतं? आणि हे साहेब नाहीत. हे पुस्तकं विकतात!”

बाईंनी तिच्या हातातलं पुस्तक हिसकावून घेतलं. पान उलटलं. मगरबाईंचं चित्र पाहिलं: उंच, करड्या, नाकावर चष्मा. धाकटीने डोळेच मिटले. आता पुस्तक फाटल्याचा आवाज येणार, याची ती वाट बघत राहिली.

तो आलाच नाही. हसण्याचा आवाजही थांबला होता. धाकटीने एक डोळा उघडला. पोरं पुन्हा हाताची घडी घालून बसली होती. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मघाशी लोळणारी तीच पोरं, आता माना खाली. ही शांतता बाईंना चांगलीच ओळखीची होती. वर्गाबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज आला की हीच शांतता पसरायची, इतकी वर्षं. त्यांना वाटायचं, ही आपली कमाई.

बाईंनी पुस्तकावर बोट ठेवलं. घसा खाकरला.

“मगरबाईंनी... ” त्या थांबल्या, मग मोठ्याने वाचायला लागल्या, “मगरबाईंनी फगळ्या बेडकांना तळ्यात उड्या मारायला फांगितलं. ‘माझी कवळी फोधा! जो फोधेल त्याला बक्फीफ!’ ”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हसायचं का? पहिल्या ओळीतल्या त्या टोमॅटोने भीत भीत वर पाहिलं. बाईंच्या तोंडाची एक बाजू वर गेली होती. दुसरी जात नव्हती, पण तिचाही प्रयत्न चालला होता.

मग काय विचारता! बाईंनी शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचलं. बेडूक झाल्या, मगर झाल्या, तळ्यातलं म्हातारं कासव झाल्या. पोरं टाळ्या पिटत होती, “पुन्हा, पुन्हा!” ओरडत होती. पीटीच्या सरांनी जाऊन फळा पुसला. थोरली एकेक तक्ता सरळ धरून उंच नाचवत होती, आणि पोरांनी बेडकाच्या पोटातलं यकृतसुद्धा ओळखलं! धाकटी पोरांमध्येच खाली बसून राहिली. दवाखान्यात एका वेळी एकच पोर हसायचं, तेही जरा रडून झाल्यावर. इथे अख्खा हॉल तिच्या वाक्यांवर लोळत होता. गुडघा ठणकत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

निघताना दुकानदाराने दोघींना बाजूला घेतलं. उचकी अजून थांबली नव्हती. “काचेत, हिक्, लावतो. पुढच्याच, हिक्, रांगेत. सगळे गठ्ठे पाठवा.”

“आणि तात्पर्य?” थोरलीने विचारलं.

“गेलं तळ्यात!” तो म्हणाला. “दुसरं पुस्तक लिहायला घ्या. पण आधी मला दाखवायचं हं. दुसऱ्या दुकानात, हिक्, जायचं नाही!”

धाकटीचे पाय आता जमिनीवर टेकतच नव्हते, इतकी ती हवेत होती. तेवढ्यात हॉलच्या दारातून पोरांचा लोंढा बाहेर आला. प्रत्येकाच्या हातात पुस्तक! थोरलीने बरोबर आणलेला गठ्ठा वाटला होता. “सही! सही पाहिजे!” पोरं ओरडत धावत येत होती.

धाकटीने केस सारखे केले. पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि चेहऱ्यावर लेखिकेला शोभेल असं मंद स्मित आणून उभी राहिली.

लोंढा तिच्या डाव्या-उजव्या बाजूंनी वाहत पुढे गेला आणि मुख्याध्यापिकाबाईंभोवती जमला. “बाई, मला! बाई, आधी मला! ‘फांत बफा’ असंच लिहा!” बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. ओल्या रंगाची हिरवी पट्टी पाठीवर उमटत होती, त्याची त्यांना शुद्धच नव्हती. त्या भराभर सह्या करत होत्या.

शेवटी एक जण वळून धाकटीकडे आली. तीच, नखंवाली मुलगी. धाकटीचा ऊर भरून आला. ती गुडघा सांभाळत खाली वाकली आणि प्रेमाने म्हणाली, “बोल बाळ, काय नाव लिहू तुझं?”

“नाव नको,” मुलगी म्हणाली, “तुमचं पेन द्या ना जरा. बाईंचं संपलंय.”